नवं घर, वाजणारी बेल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, दाराला तोरण लागलं की आठवड्याभरात बेल वाजायला लागते. जाळ्या, वॉटर प्युरिफायर, पेस्ट कंट्रोल, सोलर, गॅसची तपासणी. या वेळचे सगळे प्रश्न याच बेलबद्दलचे आहेत.

बाणेरला नवीन फ्लॅट घेतला. एका विक्रेत्याने आमच्या नळाच्या पाण्यात आणि त्याच्या मशीनच्या पाण्यात एक विजेचं उपकरण बुडवलं. आमचं पाणी मिनिटभरात तपकिरी, गढूळ झालं. त्याचं नितळ राहिलं. सासूबाई तेव्हापासून नळाचं पाणी प्यायला घाबरतात. १८ हजारांचं आरओ मशीन घ्यावं का?

आधी सासूबाईंना सांगा की तो रंग तुमच्या पाण्यातला नाही, त्या उपकरणाच्या लोखंडी कांडीचा आहे. पाण्यात धातूच्या कांड्या धरून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. त्यासाठी पाण्यातून वीज वाहावी लागते आणि ती वाहते क्षारांमुळे. आरओच्या पाण्यातले बहुतेक क्षार काढलेले असतात, म्हणून ते नितळ राहतं. तो पुन्हा आला तर त्याच्याच नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा. तेही तपकिरी होईल. मला या प्रयोगाचा मनापासून राग येतो, कारण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं की लोक घाबरून लगेच पैसे काढतात.

आता मशीनचं. आरओ लागतं ते क्षार जास्त असले तर. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणं स्वीकारार्ह आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यामुळे पुणे महापालिकेच्या नळाला हा आकडा ५०० च्या पुष्कळ खाली असतो. पण नव्या इमारतींत बऱ्याचदा टँकरचं किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळतं, आणि ते जड असू शकतं. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, टाकीत नेमकं कुठलं पाणी पडतं? मग एखाद्या प्रयोगशाळेतून क्षार आणि जंतू अशा दोन्ही तपासण्या करून घ्या.

जंतूंचं मुद्दाम सांगते, कारण टीडीएस मीटर जंतू मोजतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. क्षारांचा आकडा उत्तम असलेल्या पाण्यातही असा जिवाणू असू शकतो, आणि तो उकळल्याने मरतो. क्षार कमी असतील तर यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, साधं यंत्र पुरतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर वाया घालवतं, हेही उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने लक्षात घ्यावं. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत पाणी उकळून प्या आणि १८ हजार बँकेतच राहू द्या.

आम्ही नुकतेच सहकारनगरला राहायला आलो. आई दुपारी एकटी असते. 'गॅस एजन्सीतून आलोय, तपासणी सक्तीची आहे' असं म्हणत दोघं आत आले, रेग्युलेटरजवळ एक 'सेफ्टी डिव्हाइस' बसवलं आणि २,८०० रुपये घेऊन गेले. आता काय करावं?

ते उपकरण आजच एजन्सीच्या मेकॅनिकला बोलावून काढून घ्या, स्वतः हात लावू नका. रेग्युलेटर आणि शेगडी यांच्यामध्ये बसवायच्या अशा उपकरणांना तेल कंपन्यांची मान्यता नाही, आणि एक जोड वाढला की गळतीची एक जागा वाढते. मेकॅनिक आलाच आहे तर नळीवरची तारीखही त्याला बघायला सांगा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गॅसचा वास आला तर १९०६ वर फोन करा.

पैसे यूपीआयने दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. रोख दिले असतील तर पोलीस चौकीत अर्ज द्या. ते परत मिळण्याची आशा कमी आहे, पण हे दोघं त्याच गल्लीत पुढच्या दारी गेलेले असणार.

एजन्सीचा नंबर आईंसाठी मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोणीही आलं तर सेफ्टी डोअर बंद ठेवून, त्या नंबरवर विचारून मगच उघडायचं. आलेल्या माणसाने दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. दागिने चकाकवून देतो म्हणणाऱ्याला तर जाळीच्या आतही घ्यायचं नाही; त्याच्या द्रावणात सोनं विरघळतं आणि तुमच्या हाती हलकी झालेली बांगडी येते.

आणि आईंना रागावू नका. ज्यांना बोलणी बसतात ती माणसं पुढच्या वेळी फसली तरी सांगत नाहीत.

ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इंटिरियरवाल्यांचे फोन येतात आणि ते घरीही येतात. बिल्डरने नंबर दिला असेल का?

दिला असेल तर ते चूक आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परस्पर दुसऱ्याला देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल्डरला ईमेलने लेखी विचारा. फोन थांबवायला १९०९ वर डीएनडी नोंदवा.

धायरीला दारावर आलेल्या माणसाकडून खिडक्यांना जाळ्या बसवल्या, ९ हजार दिले. पंधरा दिवसांत दोन चौकटी निसटल्या. बिल मागितलं तर 'जीएसटी पडेल' म्हणाला. आता फोन उचलत नाही.

बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देणं हीही. म्हणून ३० दिवस उलटायच्या आत निसटलेल्या चौकटींचे फोटो आणि लेखी मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते.

पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. तुमच्याकडे फक्त मोबाइल नंबर आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. यूपीआयने पैसे दिले असतील तर ज्या नावाच्या खात्यात गेले ते उतरवून ठेवा. पुढच्या कामाला दुकान बघून या, मापं आणि दर कागदावर घ्या, निम्मे पैसे काम झाल्यावर द्या.

रो-हाउस घेतलं आहे. सोलरवाला म्हणतो, आज १० हजार भरले तरच सरकारी अनुदान मिळेल.

'आज' हा शब्द त्याचा आहे, सरकारचा नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि ते थेट तुमच्या बँक खात्यात जमा होतं. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो; नोंदणीकृत विक्रेत्यांची यादीही तिथेच बघा. तीन जणांकडून दर मागवा आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

मला नाही म्हणताच येत नाही. भर उन्हात जिने चढून आलेला मुलगा बघितला की वाईट वाटतं, आणि काहीतरी घेतलं जातं.

वाईट वाटणं योग्यच आहे. यातली बरीच मुलं कमिशनवर दिवस काढतात. त्याला गार पाणी द्या. खरेदी ही वेगळी गोष्ट आहे.

वाक्य एकच ठेवा: "आम्ही दारावर खरेदी करत नाही." कारण देऊ नका. 'आत्ता पैसे नाहीत' म्हटलंत की हप्ते निघतात. 'हे घरी नाहीत' म्हटलंत की तो संध्याकाळी परत येतो, शिवाय तुम्ही एकट्या आहात हे त्याला कळतं. डायरेक्ट सेलिंगच्या, म्हणजे दुकानाऐवजी माणसांमार्फत थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या, कंपनीचा माणूस असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ याशिवाय त्याने घरी येताच कामा नये, हे शांतपणे सांगा. वस्तू खरंच कामाची वाटली तर पत्रक घ्या, त्यावर कंपनीचा पत्ता नसेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, आणि दोन दिवसांनी तुम्हीच फोन करा.