लहान मुलांना संधिवात होतो का?

सहा वर्षांच्या मुलीचा गुडघा दोन महिने सुजलेला आहे, सकाळी ती लंगडते, पण दुखते असे म्हणत नाही. हा संधिवात असेल का, असे आपण विचारले आहे. होय, असू शकतो. वयाच्या 16 वर्षांआधी सुरू होऊन किमान 6 आठवडे टिकणाऱ्या आणि अन्य कारण न सापडणाऱ्या सांधेसुजेला बालसंधिवात म्हणतात. सकाळचा ताठरपणा हालचालीने कमी होत असल्यामुळे, आणि लहान मुले वेदना सांगण्याऐवजी जिना चढणे किंवा मांडी घालून बसणे टाळत असल्यामुळे, घरच्यांना ते वाढीचे दुखणे वाटते. आरए फॅक्टरची तपासणी (संधिवातासाठी केली जाणारी रक्ततपासणी) बहुतेक मुलांत निगेटिव्हच येते; त्या अहवालावर निर्धास्त राहू नये. मला सर्वांत जास्त काळजी डोळ्यांची वाटते, कारण या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजतो आणि उपचार न झाल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प तपासणी (प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकाने डोळ्याची तपासणी) ठरावीक अंतराने करून घ्यावी. उपचारांत सांध्यातील स्टेरॉइड इंजेक्शन, गरजेनुसार मेथोट्रेक्सेट हे सूज आटोक्यात ठेवणारे औषध (आठवड्यातून एकदाच, रोज कधीही नव्हे) आणि फिजिओथेरपी यांचा समावेश असतो. बालसंधिवाततज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्यावी. मात्र ताप येऊन गुडघा हलवताच येईनासा झाला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.