‘संस्था हीच पालक’ असं छापून कोणी पालक होत नाही

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न. ऐरोलीतल्या एका रो-हाउसमध्ये चालणाऱ्या छोट्या निवासी संस्थेत त्यांचा ४३ वर्षांचा भाऊ सहा वर्षं राहतोय. बौद्धिक दिव्यांगत्व आहे, बोलतो मोजकंच. गेल्या महिन्यात त्या भेटायला गेल्या, तेव्हा त्याची पँट कमरेला सुतळीने बांधलेली होती. अंगठ्याची नखं वळून कातडीत रुतलेली, आणि दुपारी बारा वाजता तो गाढ झोपलेला. प्रवेशाच्या वेळी ६१ किलो असलेलं वजन आता ४७ वर आलंय. औषधांची वही मागितली, तर उत्तर मिळालं, “तुम्ही कोण? प्रवेश-फॉर्मचं कलम ९ वाचा.” ते कलम असं आहे : ‘पालकांच्या पश्चात संस्था हीच निवासीची पालक राहील.’ वडील जाऊन अडीच वर्षं झाली, आई त्याआधीच गेली.

ताई, संस्था चांगली की वाईट यावर मी शब्द घालवत नाही. नखं तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. प्रश्न एवढाच, की कागदोपत्री तुम्ही त्याच्या कोण? आज तरी कोणीच नाही. पण कलम ९ मुळे संस्थाही कोणी होत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. तुमच्या भावाच्या बाबतीत पालक नेमते ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती, म्हणजे व्यवहारात कलेक्टर कचेरी. कलम १४ खाली आईवडील अर्ज करू शकतात, तसा नातेवाईकही करू शकतो, आणि सख्खी बहीण नातेवाईकच. शंभराच्या स्टॅम्पवर किंवा फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापून पालकत्व मिळत नाही.

तुम्हीच लिहिलंय, की वडिलांच्या फॅमिली पेन्शनसाठी बँकेने दीड वर्षापूर्वी हाच, म्हणजे पालकत्वाचा, दाखला मागितला होता आणि ‘नंतर बघू’ म्हणून तो राहिला. वडिलांच्या नावावरचा दाखला वडिलांबरोबर संपला, हे बँकेच्या त्या पत्रातच लिहिलेलं होतं. तेव्हा एक अर्ज टाकला असता, तर आज वहीसाठी दारात उभं राहावं लागलं नसतं. असो.

आता पहिलं काम. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत लेखी विचारा, की या अडीच वर्षांत त्याच्या पालकत्वासाठी दुसऱ्या कोणाचा अर्ज आलाय का. न्यासाकडे नोंदलेली संस्थाही अर्ज करू शकते, आणि जिथे पेन्शन आहे तिथे असे अर्ज येतात. संस्थेला दाखला मिळालेला असेल, तर तुमची लढाई न्यास कायद्याच्या कलम १७ ची, म्हणजे निष्काळजी पालकाला हटवण्याची. ती लांबेल. नसेल, तर लगेच फॉर्म ए, म्हणजे पालकत्वाचा अर्ज, भरा. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), वडिलांचा मृत्यूचा दाखला, आणि पुण्याच्या तुमच्या दुसऱ्या भावाची लेखी ना-हरकत. त्याच्याशी बोलणं बंद आहे म्हणता. मग पोस्टाने पाठवा, पण त्याची सही आणा. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बैठकीची तारीख विचारायला तुम्हालाच खेपा घालाव्या लागतील. संस्था ऐरोलीत आहे हे तुमचं नशीब. खारघरला असती, तर रायगड जिल्हा लागून अलिबागची वारी पडली असती.

दाखला येईपर्यंत हात बांधून बसू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ खाली छळाची किंवा शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कोणीही देऊ शकतं, त्यासाठी पालक असावं लागत नाही. फोटो आणि प्रवेशाच्या वेळच्या वजनाची नोंद जोडून तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये, ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. इथे लागू होईल का? सांगता येत नाही. चौदा किलो आजारानेही उतरतात. म्हणून आधी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणी करून केसपेपर घ्या, आणि झोपेची गोळी कोणत्या डॉक्टरांनी लिहिली हे लेखी विचारा. घरी न्यायचं ठरलं, तर थकबाकीसाठी माणूस अडकवून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

संस्थेकडे दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे माहिती अधिकारात विचारा. अशा रो-हाउसमधल्या संस्थांत बऱ्याचदा तिथेच पितळ उघडं पडतं.

पैशांचं शेवटी. दोन लाखांचं डिपॉझिट आणि महिना बावीस हजार, पण पावत्या ‘देणगी’च्या. ग्राहक आयोगात ते म्हणतील, ही सेवा नव्हतीच. त्यांना उत्तर देता येईल, पण दर महिन्याला ठरलेली तीच रक्कम दिल्याचा पुरावा हवा, आणि निम्मे हप्ते तुम्ही रोखीने दिलेत. बँकेचं सहा वर्षांचं स्टेटमेंट आजच मागवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून ही बाजू समितीच्या निकालापर्यंत लांबवू नका. येताना मूळ फॉर्म आणा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत कलम ९ खालची सही कोणाची आहे, हे मला काही केल्या वाचता आलं नाही.