थ्री पॉइंटर नंतर बघू की

अरे भावा, नववीत आहेस न्हवं, मग बास्केटबॉलमध्ये आत्ताच थ्री पॉइंटरच्या, म्हणजे लांबनं मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटच्या, नादाला कशाला लागतोयस, आधी रिंगजवळ उभं राहून एका हातानं शॉट मार, बॉल बोटांवर, तळहातावर नको, सोडल्यावर मनगट वाकलेलं तसंच राहू दे, बॉल उलटा फिरत गेला की समज जमलं. मी दोन वर्षं तळव्यानंच ढकलत होतो, कोण सांगितलंच नाही.

डावा हात तर तुझा नुस्ता शोभेला. बेळगावच्या पावसात कोर्टवर शेवाळ धरतंय, तेव्हा पडवीत डाव्यानं बॉल आपटत ड्रिबल कर, खाली न बघता (आई ओरडेल, ते तुझं तू बघ). फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळतोय तो मोकळा शॉट, मात्र दमल्यावरच मार, मॅचमध्ये ४.६ मीटरवरनं धापा टाकतच मारायचा असतोय की.