वाचक विचारतात: दोन तारांवर उंची कशी धावते?

प्रश्न: दाबोळीवर उतरणाऱ्या प्रवासी विमानात ‘एरिंक ४२९’ बस, म्हणजे यंत्रांमध्ये माहिती नेणारी दोन तारांची जोडी असते, असं शिकलो. या तारा उलट जोडल्या तर पॅरिटीत (१ किती आले ते मोजून चूक पकडण्याच्या तपासणीत) चूक सापडेल ना?
— एक विद्यार्थी, वास्को

उत्तर: नाही, सापडणार नाही! आणि गंमत तिथंच आहे.

या बसवर बोलणारा एकच, ऐकणारे जास्तीत जास्त २०. उलट उत्तर हवं असेल तर तारांची वेगळी जोडी ओढायची. पीळ दिलेल्या, शील्डच्या (धातूचं आवरण असलेल्या) दोन तारांमधला फरक साधारण +१० व्होल्ट झाला की १, −१० झाला की ०. प्रत्येक बिटानंतर पुन्हा शून्य व्होल्ट. वेग सेकंदाला १,००,००० बिट, नाहीतर साधारण १२,५००.

एक शब्द ३२ बिटांचा. पहिले ८ म्हणजे लेबल, म्हणजे ही कसली माहिती आहे ते सांगणारा क्रमांक, शेवटचा पॅरिटीचा. शब्दातल्या १ ची संख्या विषम हवी.

आता तारा उलटल्या की प्रत्येक १ चा ० होतो आणि ० चा १. ३२ मधून विषम संख्या वजा केली तरी विषमच उरते, म्हणून पॅरिटी खुशाल पास. पण उंचीचं लेबल अष्टमानात (० ते ७ याच अंकांच्या मोजणीत) २०३, म्हणजे १०००००११. ते होतं ०१११११००, म्हणजे १७४. यंत्र २०३ ची वाट बघत बसतं, पडद्यावर उंचीच येत नाही.

एकच तार तुटली तर जास्त डोकेदुखी: व्होल्टचा फरक निम्म्यावर येतो, एखादं यंत्र वाचतं, दुसरं नाही. अशा वेळी यंत्राचा डबा बदलण्याआधी कनेक्टरची पिन बघा, दोन्ही टोकांना शील्डचं अर्थिंगही.