दिवसाढवळ्या तारे पाहणारं विमान

प्रश्न : अमेरिकेचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान पहिल्यांदा उडालं १९६४ साली, आणि जीपीएसचा पहिला उपग्रह गेला १९७८ साली. मग ध्वनीच्या तिप्पट वेगात ते वाट कशी धरून राहायचं? ताऱ्यांवरून म्हणतात, पण दिवसा तारे कुठून दिसणार?

उत्तर : मॅक ३.२ म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ३.२ पट; विमान उडायचं त्या २४ किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे ९५० मीटर. ३० अंश कलून वळण घेतलं तरी त्रिज्या दीडशे किलोमीटरच्या वर जाते. चूक उशिरा कळली तर विमान भलत्याच देशाच्या हद्दीत शिरतं.

रोजचं काम जडत्वीय यंत्रणा करायची. जायरोंनी, म्हणजे आपली दिशा न सोडणाऱ्या फिरत्या चाकांनी, स्थिर धरलेल्या चौकटीवर त्वरणमापक असतात. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढत जायचं. पण जायरो हळूहळू सरकतो. तासाला ०.०१ अंश सरकला, तरी तासाभरात ठिकाण किलोमीटरभर चुकतं.

ही सरक तारे पकडून देतात. मागच्या कॉकपिटच्या पाठीमागे, विमानाच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी आणि तिच्याखाली छोटी दुर्बीण. संगणक वेळ, ताऱ्यांची यादी आणि अंदाजे ठिकाण यांवरून दुर्बीण वळवायचा. तिथे तारा नसला तर ती चकलीसारखे वेढे घेत शोधायची. सापडलेला तारा अपेक्षेपेक्षा जितका बाजूला, तितकी चौकट कललेली. एका ताऱ्यावर मात्र भागत नाही. चौकट त्याच्याच दिशेभोवती फिरली असेल तर तो जागचा हलत नाही. म्हणून दुसरा तारा हवाच, तोही पहिल्यापासून चांगला लांबचा.

दिवसाचं म्हणाल, तर २४ किलोमीटरवर ९७ टक्के हवा खाली राहिलेली असते. आकाश जवळजवळ काळं, आणि दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र अरुंद, त्यामुळे ठळक तारे सापडायचे. हवेतच इंधन भरायला विमान साडेसात किलोमीटर उंचीपर्यंत खाली यायचं, तेव्हा मात्र ढग आड येऊ शकायचे. तेवढा वेळ जायरोंवरच भिस्त.

घड्याळाकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण ते जायरोइतकंच मोलाचं. एका सेकंदात पृथ्वी १५ विकला फिरते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). घड्याळ सेकंदभर चुकलं तर विषुववृत्तावर ४६५ मीटरची पूर्व-पश्चिम चूक होते.

शिवाय तारा दिशा सांगतो, ‘खाली’ कुठे ते सांगत नाही. ते त्वरणमापकांवरूनच ठरतं. त्यांच्यात गुरुत्वाच्या दहा हजाराव्या भागाइतका दोष असला, तर उभी रेषा २० विकला ढळते, म्हणजे जमिनीवर सहाशेहून जास्त मीटर. तारे कितीही नेमके धरले तरी ही चूक त्यांच्याने जात नाही.