रिपोर्टवर नुसतं 'कोरोना पॉझिटिव्ह' लिहिलंय? पुढचं नाव मागून घ्या

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आठवड्याच्या आतली पिल्लं पाण्यासारखी हगतायत, उलट्या करतायत, माद्यांनी खाणं सोडलंय आणि प्रयोगशाळेच्या कागदावर एवढंच, 'कोरोना पॉझिटिव्ह'. शेजारी म्हणतात सगळी डुकरं मारा. घरात बायको गरोदर, म्हणून सगळ्यांची कोविड टेस्ट करू का असं तुम्ही विचारताय. आमच्याकडे गरोदर कोणी नव्हतं, बाकी सगळं अस्संच होतं.

मी डॉक्टर नाही, डुकरं पाळते. तुमच्या पशुवैद्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. आजारी पिल्लं वेगळी काढणं, गमबूट बदलणं हे तुम्ही करतच असाल, ते लिहीत बसत नाही.

कोविड टेस्टचं आधी सांगते. ती टेस्ट सार्स-कोव्ह-२ म्हणजे कोविडचा व्हायरस शोधते, डुकरांचे कोरोना तिच्यात दिसणारच नाहीत. शिवाय तो व्हायरस डुकरांना मुद्दाम देऊन २०२० मध्ये प्रयोग झाले, तेव्हा बहुतेक डुकरांना तो लागलाच नाही. एका प्रयोगात किरकोळ संसर्ग दिसला तेवढाच. तुमच्या शेडमध्ये आहे तो डुकरांचाच कुठला तरी कोरोना असणार, आणि असे सहा आहेत. टीजीई, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या लावणारा, १९४६ पासून माहीत आहे. त्याच्यातूनच निघालेला एक श्वासाचा आहे, तो बहुतेक वेळा सौम्य असतो. एक मेंदू आणि उलट्यांचा. पीईडी, तोही जुलाबाचाच, १९७०च्या दशकात युरोपात दिसला आणि २०१३ मध्ये अमेरिकेत शिरल्यावर वर्षभरात लाखो पिल्लं घेऊन गेला. मग डेल्टाकोरोना, आणि शेवटचा सॅड्स, वटवाघळांकडून आलेला; हे दोघेही जुलाबच लावतात.

यातला पीईडी माणसाला झाल्याची नोंद नाही, टीजीईचीही नाही. सॅड्समुळे २०१६-१७ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात चार फार्मवर जवळपास २५,००० पिल्लं मेली. तिथल्या ३५ कामगारांचं रक्त तपासलं, एकालाही लागण झालेली नव्हती. तरी प्रयोगशाळेत तो माणसाच्या पेशींमध्ये वाढतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. डेल्टाकोरोना मात्र माणसात सापडलेला आहे. हैतीत २०१४-१५ मध्ये ताप आलेल्या तीन मुलांच्या रक्तात तो निघाला, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसाकडून माणसाला पसरल्याचा पुरावा त्यात नव्हता. म्हणजे घाबरून डुकरं मारावीत असं यात काही नाही, पण 'डुकराचा कोरोना माणसाला लागतच नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

आता माझं दुखणं. आमचाही कागद असाच आला. कुठला कोरोना, हे विचारायला कार्यालयात गेले तर 'कोरोना म्हणजे आरोग्य खात्याचं काम' म्हणून वाटेला लावलं. तिकडे गेले तर 'जनावरांचं आम्ही बघत नाही'. मधल्या मध्ये कोणीतरी गवगवा केला, कामाला येणारे यायचे थांबले. शेवटी दुसरा नमुना घेतला तो बर्फाशिवाय टेबलावर पडून राहिला आणि 'तपासणीयोग्य नाही' असा शेरा घेऊन परत आला. शेरा मारणाऱ्याची सही मात्र व्यवस्थित होती!

यात जी पिल्लं आजारी होती ती गेलीच असती, मला त्याचं वाईट वाटत नाही. गेली ती पुढची वीण, आणि तीच जास्त महाग पडली. नवजात पिल्लाला या रोगापासून वाचवतो तो आईचा चीक आणि रोजचं दूध. गाभण मादीच्या अंगात ती ताकद तयार व्हायला व्यायच्या आधी दोन-तीन आठवडे लागतात. पीईडीची लस डेल्टाकोरोनावर चालत नाही. टीजीईची प्रतिकारशक्ती पीईडीला थांबवत नाही. त्यामुळे नाव कळल्याशिवाय पुढच्या माद्यांसाठी काहीही ठरवता येत नाही, आणि ते ठरवायचे दिवस त्या दोन खिडक्यांच्या मध्ये संपले.

म्हणून माझं ठाम मत आहे: नमुना देतानाच पीईडी, टीजीई आणि डेल्टा असा वेगवेगळा पीसीआर, म्हणजे व्हायरस नेमका ओळखणारी तपासणी, लेखी मागा. नुकतेच जुलाब सुरू झालेल्या, औषध न दिलेल्या पिल्लाची विष्ठा द्या. मेलेल्या पिल्लाचं आतडं द्यायचं तर मेल्या मेल्या द्या, तासाभरातच ते सडायला लागतं. बर्फाच्या पेटीत स्वतः नेऊन पोचवा. रोटाव्हायरस आणि ई. कोलाय हा जिवाणूही सोबत बघायला सांगा, दिसायला सगळं सारखंच दिसतं.

माद्यांच्या अंगात ताकद यावी म्हणून आजारी पिल्लांची आतडी गाभण माद्यांना खाऊ घालायचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगणारच. काहींना फायदा होतो हे खरं, पण त्याच घासातून दुसरे रोगही कळपभर जातात. पशुवैद्यांशिवाय करू नका. अँटिबायोटिक विकणारे पण येतील. व्हायरसवर त्याचा उपयोग शून्य. मीठ-साखरेचं पाणी आणि ऊब, बास. पहिल्या दिवसांत पिल्लांना ३२ ते ३५ अंश लागतात, आमच्याकडे अर्धी मर थंडीनेच झाली असावी असं मला अजून वाटतं.

गाडीचं विसरू नका, डुकरं नेणारी. शेण खरवडून धुतल्याशिवाय जंतुनाशक फवारणं म्हणजे पैसे ओतणं. पीईडीवरच्या एका प्रयोगात शेण लागलेल्या पत्र्यावर ७१ अंश उष्णता दहा मिनिटं दिली किंवा २० अंशांना सात दिवस तसंच ठेवलं, तेव्हा तो मेला.

वहिनींना शेडमध्ये जाऊ देऊ नका, पण कोरोनासाठी नव्हे. डुकरांचा फ्लू माणसाला लागतो आणि गरोदरपणात फ्लू जड जातो. जखमेतून शिरणारा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणूही आहे, म्हणून तुम्ही स्वतः हातमोजे घाला, विशेषतः मेलेली पिल्लं उचलताना. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना 'आम्ही डुकरं पाळतो' हे पहिल्या वाक्यात सांगा, ते आपणहून विचारत नाहीत.

नाव लिहिलेला रिपोर्ट आला की इथे टाका. पुढच्या किती माद्या, कधी व्यायच्या आहेत तेही लिहा, म्हणजे लसीचं काही बोलता येईल.