एसयूव्हीचा बीसीएम (वायपर, लॉक, दिवे सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल) खराब झालाय म्हणतात, बदलायचा का?

वायपर आपोआप चालू होतात, सेंट्रल लॉक कधी लागतं कधी नाही, पावसाळ्यात जास्तच होतं असं तुम्ही लिहिलंय, तर लगेच नवीन बीसीएमला पैसे घालू नका. आधी बॅटरी बघा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, त्यापेक्षा बरीच कमी असेल तर मॉड्यूल चांगलं असूनही असेच चाळे करतं. मग फ्यूज, अर्थिंगची वायर.

आणि पावसाळ्याचं म्हणताय म्हणून सांगतो, बऱ्याच गाड्यांत बीसीएम डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सपाशीच असतो, सनरूफची ड्रेन नळी तुंबली किंवा पुढच्या काचेचं सील गेलं की पाणी काचेच्या बाजूच्या खांबातून खाली थेट तिथेच उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून कनेक्टर उपटून बघा, पिनांवर हिरवट थर दिसला की समजा पाणी गेलंय, आणि ती गळती बंद न करता नवीन बसवला तर तोही जाणार!

खरंच बदलायचाच असेल तर पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. नुसता बसवून भागत नाही, स्कॅनरने गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), कॉन्फिगरेशन टाकावं लागतं, म्हणजे कोडिंग, इमोबिलायझर (चुकीच्या चावीने गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) त्यातच असेल तर चाव्याही परत जोडाव्या लागतात, म्हणून सगळ्या चाव्या सोबत न्या. भंगारातला जुना स्वस्त पडतो पण बऱ्याचदा आधीच्या गाडीला लॉक असतो, मी तरी घेणार नाही. कोडिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावायला सांगा, मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा मॉड्यूल तिथेच बाद होऊ शकतो.